काचेतले समुद्रफूल आणि अमानत

मुका जीव घरात आणला की तो आपल्या मालकीचा झाला, असे आपण सहज समजतो. आम्हाला वाटते, खरे म्हणजे त्या दिवसापासून आपण त्याचे देणेकरी होतो. शेळी, कोंबडी, कबुतर यांचे देणे आपल्याला ठाऊक असते, कारण ते वाडवडिलांपासून चालत आले आहे. पण ज्या जिवाची भूक, तहान आणि आजार आपल्या गावात कुणालाच ठाऊक नाहीत, त्याच्या हक्काचे काय? खाऱ्या पाण्याच्या टाकीत ठेवलेल्या समुद्रफुलाच्या निमित्ताने हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

समुद्रफूल हे नावाचेच फूल. तो प्राणी आहे. पोवळे आणि जेलीफिश यांच्या गोतावळ्यातला. खडकाला पाय चिकटवून बसायचे आणि तोंडाभोवतीच्या डंख मारणाऱ्या तंतूंनी भक्ष्य धरायचे, हा त्याचा संसार. उष्ण समुद्रातील अनेक जातींच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते. ते उजेडावर अन्न तयार करते आणि त्यातला वाटा यजमानाला देते. २००३ साली ‘फाइंडिंग निमो’ हा चित्रपट आला आणि या तंतूंत लपणारा नारिंगी-पांढरा मासा मुलाबाळांच्या ओळखीचा झाला. हौशी माणूस माशाबरोबर समुद्रफूलही आणतो. वास्तविक टाकीत त्या माशाचे समुद्रफुलावाचून काही अडत नाही. काही जाती टाकीतच दुभंगून वाढतात हे खरे. परंतु विकली जाणारी बरीचशी समुद्रफुले समुद्रातूनच काढलेली असतात. म्हणजे गरज ना माशाची, ना फुलाची. हौस फक्त आपल्या डोळ्यांची.

आमचे धर्माबाद मिरचीच्या बाजारपेठेचे गाव. तालुक्यातून वाहणारी गोदावरी शेकडो किलोमीटर पुढे जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते; समुद्राशी आमचे नाते एवढेच. इथे समुद्र उभा करायचा तर शुद्ध पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम खास समुद्री मीठ मिसळावे लागते. स्वयंपाकघरातले मीठ चालत नाही. पाणी २५-२६ अंशांच्या आसपास राखायचे आणि बाहेर उन्हाळ्यात पारा ४० च्या वर! टाकीतले पाणी वाफ होऊन उडते, मीठ मात्र मागे राहते. म्हणून रोज गोड्या पाण्याची भर घालावी लागते. खारे पाणी ओतले तर खारटपणा वाढतच जातो. वीज गेली की पंप थांबतो आणि पाण्यातला प्राणवायू कमी होऊ लागतो.

यातही पाण्याचा हिशेब वेगळा. घरगुती शुद्धीकरण यंत्रात लिटरभर शुद्ध पाण्यामागे साधारण दोन-तीन लिटर पाणी बाजूला पडते. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा मुलखात शोभेच्या टाकीसाठी पाणी खर्चावे काय? हा प्रश्न रास्त आहे, पण तो जीव घरी आणण्यापूर्वी विचारायचा असतो. आणल्यानंतर पाणीटंचाईची शिक्षा त्याला देता येत नाही; तो आपल्या पायांनी मराठवाड्यात आलेला नाही. बाजूला पडलेले पाणी धुण्या-पुसण्याला वापरावे, आणि त्याचे पाणी त्याला द्यावे.

समुद्रफूल आजारले की रंग उडून पांढरे पडते, तोंड उघडे राहते, पाय सुटतो. मधूनमधून आक्रसणे आणि पुन्हा फुलणे हा मात्र त्याचा स्वभाव आहे. घाबरलेला माणूस लगेच हात घालतो. जागा बदलतो, ओढून काढतो, औषधे ओततो, बळेच खाऊ घालतो. ओढताना त्याचा पाय फाटतो. आपली जागा ते स्वतः सरकत शोधते. त्याला हवा असतो पुरेसा उजेड आणि रोज सारखे राहणारे पाणी. वर्गातील कोमेजलेल्या मुलाला दिवसातून दहादा ‘काय झाले?’ विचारणारा शिक्षक आम्ही पाहतो, तेव्हा हेच मनात येते. अशी माया पुष्कळदा आपल्याच बेचैनीवरचा इलाज असते.

विज्ञानाच्या तासाला मुले विचारतात, “सर, त्याला मेंदूच नाही, मग दुखणार कुठे?” मेंदू नाही हे खरे, मज्जातंतूंचे जाळे तेवढे आहे. पण आपले कर्तव्य त्याच्या वेदनेच्या मोजमापावर अवलंबून नाही. आपण त्याला त्याच्या जागेवरून हलवले, या एका कृत्यातून ते निर्माण झाले.

मांजरीला कोंडून ठेवणाऱ्या बाईची हदीस आपल्या घराघरांत सांगितली जाते. तिने मांजरीला खाऊ घातले नाही, आणि स्वतःचे पोट भरायला मोकळेही सोडले नाही. समुद्रफुलाच्या बाबतीत दुसरी वाट बंदच आहे. गोदावरीच्या गोड्या पाण्यात ते मरेल. आणि परक्या समुद्रात सोडले तर टाकीतले रोग व परकी जात तिथल्या जिवांवर लादली जाईल. उरते एकच: नीट सांभाळणे, किंवा जो नीट सांभाळू शकेल त्याच्या हाती देणे.

सांभाळ कसा असतो याचा एक दाखला स्कॉटलंडमध्ये आहे. सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ साली नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक समुद्रफूल आणले. पुढे त्याला ‘ग्रॅनी’ म्हणजे आजी हे नाव पडले. डॅलिएल १८५१ मध्ये वारले. आजी एका सांभाळणाऱ्याकडून दुसऱ्याकडे जात राहिली आणि १८८७ पर्यंत जगली. ती थंड समुद्रातली जात होती आणि ताजे समुद्राचे पाणी जवळच मिळत होते, हे विसरता येत नाही. तरीही आणणाऱ्याच्या मृत्यूनंतर छत्तीस वर्षे ती जगली, कारण प्रत्येकाने तिला अमानत मानले.

एक अवघड घडी तरीही येऊ शकते. मेलेले समुद्रफूल कुजून साऱ्या टाकीचे पाणी नासवते. लवकर काढावे तर जिवंत जीव फेकल्याचे पाप, उशीर करावा तर इतरांचा मृत्यू. यावर तयार फतवा नाही. रोज डोळे उघडे ठेवून पाहणे आणि ज्याला कळते त्याला विचारणे, एवढेच हाती असते. ज्याला एवढे पाहायला सवड नाही, त्याने समुद्रफूल चित्रातच पाहावे. न आणलेल्या जिवाचे देणे कुणालाच लागत नाही.