पेटवायचं, पण कशासाठी?

कासारवाडीत, नाशिक फाट्याजवळच्या एका घरात काका-पुतण्याचा वाद रंगला होता. पुतण्या चाकणला प्रेसशॉपमध्ये कंत्राटी. शनिवारच्या गेट मीटिंगला तो बोलणार होता.

"काका, त्या पोराच्या हाताचा फोटोच मोठा करून धरतो. प्रेसखाली दोन बोटं गेलीत. बघितल्यावर कोण गप्प बसेल?"

"कोणीच नाही. तीच भीती आहे. आज भडकून मशीन बंद कराल, उद्या तुमचा गेटपास बंद. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात बेकायदा संपाला चिथावणी देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होती. ते कलम डोक्यात ठेवूनच आम्ही माइक धरायचो."

"म्हणजे गप्प बसायचात?"

"छे! सप्टेंबर 1989 मध्ये कामगार नेते राजन नायरांच्या मागे टेल्कोचे कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले, ते काय आकडेमोड करून? पेटलेच होते. एका पहाटे पोलिसांनी सगळ्यांना उचललं, संप मोडला. त्यांना पेटवणं चूक होतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण पोरांच्या फिया थकल्या त्या त्यांच्याच घरी."

"शिफ्ट सुटली की लोक बसकडे धावतात, काका. आकडे सांगत बसलो तर कोण थांबेल?"

इथे मला पुतण्याचंच पटतं. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हात त्यांवर असले तरच स्ट्रोक पडावा म्हणून. माल भराभर निघावा म्हणून एक बटण दाबलेलंच बांधून ठेवतात. मग एक हात मोकळा राहतो आणि डायखाली जातो. रोज बघून त्याचं काही वाटेनासं होतं. त्याची चीड येणं म्हणजे शुद्धीवर येणं.

"मग बटणावर बोल," काका म्हणाले. "नुसता फोटो बघून लोक सुपरवायझरच्या अंगावर जातील. बटण कळलं तर ते सोडवायला लावतील."

"आणि बटण ऐकून कुणाला काही वाटलंच नाही तर?"

काका जरा थांबले. "तर फोटो धर. पण त्या पोराला विचारलंस?"

"तोच म्हणाला, दाखव."

"ठेकेदाराने त्यावरून त्याला कामावर परत घेतलं नाही तर? हे बोललात?"

"नाही."

"मग उद्या जाऊन बोल. आणि ईएसआयचा अपघात अहवाल गेलाय का, तेही बघ. गेला नसेल तर शनिवारी पहिलं वाक्य तेच."