गरिबाला मदत : उपकार की हक्क?

"सरकार सगळे फुकट देते, म्हणून गरीब माणूस आळशी झाला." हे वाक्य आपण अनेकदा ऐकतो. कधी कधी सेवाकार्यावरून परत येताना ते आपल्याच तोंडून निघते. बोलणाऱ्याचा हेतू वाईट असतोच असे नाही. कष्टाशिवाय मिळालेली वस्तू माणसाला दुबळे करते, असे त्याला मनापासून वाटत असते. तरीही साधकाने आपले प्रत्येक मत तपासून पाहावे. ते दुसऱ्याच्या दोषाविषयी असेल आणि बोलताना आपल्याला बरे वाटत असेल, तर अधिकच तपासावे.

एका घराचे दोन लाभार्थी

चंदीगडच्या विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, मोहालीत, एयरोसिटी नावाची नवी वसाहत आहे. नोकरीनिमित्त आपल्यापैकी कुणी तिथे राहतही असेल. नसल्यास आपल्या शहराच्या कडेची अशीच एखादी वसाहत डोळ्यांसमोर आणावी. तिथल्या एका घराचा विचार करू.

घरमालकाने बँकेचे कर्ज काढले आहे. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या कर्जावरील वर्षाला 2 लाख रुपयांपर्यंतचे व्याज त्याला करपात्र उत्पन्नातून वजा करता येते. ही शासनाचीच मदत आहे. ती घेऊन हा माणूस आळशी होईल, अशी चिंता मात्र कुणी करत नाही.

त्याच घराच्या भिंती रचणारा गवंडी बहुधा उत्तर प्रदेश किंवा बिहारमधून आलेला असतो. अशा कामगारांसाठी 1996 मध्ये कायदा झाला. बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का उपकर घ्यायचा आणि त्यातून अपघात, आजारपण, मुलांचे शिक्षण, म्हातारपण यांसाठी मदत करायची, अशी ती योजना. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद ठेवली आहे. पण कामगाराची नोंदणी व्हायची तर वर्षभरात 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा पुरावा लागतो. आज या ठेकेदाराकडे, उद्या त्या ठेकेदाराकडे जाणाऱ्या माणसाला हा दाखला कोण देणार? 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेला देशभरचा हिशेब असा होता : उपकरातून सुमारे 37,400 कोटी रुपये जमा झाले आणि कामगारांसाठी खर्च झाले सुमारे 9,500 कोटी.

म्हणजे ज्याची मदत नजरेत भरते, त्याच्यापर्यंतच ती नीट पोहोचत नाही. आणि ज्याच्यापर्यंत ती सहज पोहोचते, त्याची मदत कुणाला दिसत नाही. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रिचर्ड टिटमस यांनी 1950 च्या दशकातच हे दाखवून दिले होते. करसवलत आणि नोकरीतून मिळणारे लाभ हेसुद्धा कल्याणच आहे, फक्त त्याला आपण त्या नावाने ओळखत नाही.

आक्षेपातील सत्यांश

असे असले तरी आक्षेप झटकून टाकणे योग्य नाही. अमेरिकेतील चार्ल्स मरे यांनी 1984 च्या 'लूझिंग ग्राउंड' या पुस्तकात म्हटले, की सरकारी मदतीमुळे काम टाळणे सोयीचे होते आणि गरिबी टिकून राहते. त्याआधी 1971 मध्ये पिव्हन आणि क्लोवर्ड या अभ्यासकांनी दुसऱ्याच बाजूने टीका केली होती. त्यांच्या मते, लोक खवळतात तेव्हा मदत वाढते आणि शांत होतात तेव्हा आखडते. मदतीचा उपयोग गरिबाला ताब्यात ठेवण्यासाठी होतो. टी. एच. मार्शल यांची भूमिका या दोन्हींहून वेगळी. मतदानाचा जसा हक्क, तसाच किमान सुरक्षित जगण्याचाही नागरिकाला हक्क आहे, असे त्यांनी मांडले.

यातले खरे काय? आपल्याच मातीतील एका अनुभवाकडे पाहू.

महाराष्ट्राने दिलेले उत्तर

1972 चा दुष्काळ घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. लाल मिलो, सुकडी आणि खडी फोडण्याची कामे. 1973 च्या उन्हाळ्यात सुमारे 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. फुकट मिळेल म्हणून ही गर्दी झाली नव्हती. रणरणत्या उन्हात दगड फोडायला ती आली होती.

याच काळात विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आकाराला आली. ग्रामीण भागात जो प्रौढ माणूस अंगमेहनतीचे काम मागेल, त्याला ते देणे हे शासनाचे कर्तव्य ठरले. स्त्री आणि पुरुष यांना मजुरीचा दर सारखा. 1977 मध्ये याचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. पुढे 2005 मध्ये देशाने रोजगार हमीचा कायदा केला, त्यामागे हा अनुभव होता.

यासाठी पैसा कुठून आला? 1975 पासून राज्यात व्यवसाय कर सुरू झाला. आपल्या पगारपत्रकावर दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापले जातात, तोच हा कर. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाचा भार उचलावा, हा त्यामागचा विचार.

या योजनेने सगळे साधले असे नाही. मजुरी उशिरा मिळे, हजेरीपत्रकांत गैरप्रकार झाले, पाझर तलावांचा लाभ बहुधा जमीन असलेल्यालाच झाला. खडी फोडणारी बाई पुढच्या वर्षीही खडीच फोडत राहिली. पण 'काम दिले तरी गरीब येत नाही' हे म्हणणे मात्र या योजनेने खोटे ठरवले. शिवाय काम मागणारा हात पसरत नव्हता, तो आपला हक्क सांगत होता. मदत कमी की जास्त, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. ती घेताना माणसाची मान ताठ राहते की नाही, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे.

परीक्षा देणाऱ्याची

जर्मन समाजशास्त्रज्ञ गिओर्ग झिमेल यांनी 1908 मध्ये एक मार्मिक निरीक्षण नोंदवले. समाजाची मदत बरेचदा देणाऱ्यांच्या सोयीसाठी आणि शांततेसाठी असते, घेणारा तिच्यात निमित्तमात्र उरतो. आपल्या परंपरेला ही गोष्ट अनोळखी नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यात अनादराने आणि तुच्छतेने दिलेले दान तामस म्हटले आहे. दान दिले, तरीही तामस! घेणारा आळशी आहे का, हे तपासण्याआधी देणाऱ्याच्या मनात तुच्छता आहे का, हे पाहायला गीता सांगते.

मग कल्याणकारी राज्य गरिबाला मदत करते का? ती मदत हक्क म्हणून आली, वेळेवर आली आणि सन्मानाने आली, तर करते. उपकार म्हणून आली, कागदांत अडकली किंवा अपमान करून आली, तर पोट भरूनही माणूस खचतो. कायदा हक्क देऊ शकतो. सन्मान मात्र तुम्हा-आम्हालाच द्यावा लागतो.

आपण काय करू शकतो?

या महिन्यात एवढे तीन संकल्प करून पाहू या.

1. कुणाच्याही मदतीला 'फुकट' म्हणण्यापूर्वी स्वतःला मिळालेल्या सवलतींची यादी करावी.

2. आपल्या घरी किंवा सोसायटीत बांधकाम, दुरुस्ती चालू असेल, तर तिथल्या कामगारांची कल्याण मंडळाकडे नोंदणी आहे का, हे विचारावे. नसल्यास 90 दिवसांच्या दाखल्यासाठी ठेकेदाराच्या मागे लागावे, अर्ज भरायला सोबत बसावे.

3. हे करताना त्याने आभार मानावेत, ही अपेक्षा सोडून द्यावी.

यातला तिसरा संकल्प सर्वांत कठीण आहे. अर्ज तासाभरात भरून होतो. 'मी दिले' ही भावना जायला मात्र पुष्कळ साधना लागते. तिची सुरुवात आपल्या घराची वीट रचणाऱ्या माणसापासून करता येईल. त्याला आधी त्याचे नाव विचारू या.