कुणीतरी जागं हवं

हॉलमध्ये टीव्ही चालू आहे आणि समोर खुर्चीत आजोबा घोरताहेत. बातम्यांतले चार जण एकाच वेळी ओरडताहेत, त्यांच्या झोपेला त्याचं काही नाही. कुणीतरी दया येऊन, किंवा विजेच्या बिलाकडे बघून, रिमोट उचलतं आणि टीव्ही बंद करतं. त्याच क्षणी डोळे उघडतात आणि ठरलेलं वाक्य येतं, ‘‘अरे, बघतोय ना मी!’’ मराठी घरांत हा विनोद इतका मुरलाय की त्यातल्या कोड्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. ओरडण्यानं जी झोप मोडली नाही, ती शांततेनं का मोडावी?

उत्तराचा अर्धा भाग शरीरात आहे. झोपेत डोळे मिटतात, कान उघडेच राहतात. ऐकलेल्यातलं काय वर पाठवायचं आणि काय तिथंच सोडून द्यायचं, हे मेंदू ठरवत राहतो. इयान ऑस्वल्ड या ब्रिटिश संशोधकानं १९६० मध्ये झोपलेल्या माणसांना टेपवरून नावं ऐकवली. स्वतःचं नाव आलं की मेंदूच्या आलेखात इतर नावांपेक्षा ठळक खळबळ उमटायची. २०१९ मध्ये पॅरिसमधल्या संशोधकांनी झोपलेल्यांना एकाच वेळी दोन आवाज ऐकवले. एक अर्थपूर्ण बोलणं, दुसरं बोलण्यासारखंच वाटणारं पण निरर्थक. हलक्या झोपेत मेंदू अर्थाच्या बाजूला झुकत होता. झोप गाढ झाल्यावर हा पक्षपात मावळला. म्हणजे ‘बघतोय ना मी’ हे आजोबांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. बघत नसले तरी ते थोडंफार ऐकत असतात.

आणि चालू असलेला आवाज कान गृहीत धरतात, बदल मात्र लगेच टिपतात. रात्रीच्या एसटीत हे रोज दिसतं. खिडक्यांचा खडखडाट आणि इंजिनाची घरघर यांत माणसं माना टाकून झोपतात. गाडी एखाद्या स्टँडवर लागून इंजिन बंद झालं की अख्खी गाडी जागी. ‘‘कुठलं गाव आलं?’’ असं कुणीतरी विचारतंच. पण एसटीतल्या त्या झोपेत आवाजाखेरीज आणखी एक गोष्ट असते. पुढे ड्रायव्हर जागा आहे, हा भरवसा. टीव्हीचं कोडं मला वाटतं तिथूनच सुटतं. झोप लागायला नेहमी शांतताच लागते असं नाही. पुष्कळांना शांततेआधी कुणीतरी जागं असल्याची खूण लागते.

ही गरज फार जुनी असावी. उत्तर टांझानियातल्या हाडझा लोकांपैकी काही जण आजही शिकार आणि कंदमुळं, मध यांवर जगतात. त्यांच्यातल्या ३३ प्रौढांच्या मनगटावर हालचाल नोंदवणारी उपकरणं बांधून केलेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. २० दिवसांत सगळेच्या सगळे एकाच वेळी झोपलेले आहेत, असा काळ एकूण १८ मिनिटांचा निघाला. पहाऱ्याच्या पाळ्या कुणी लावल्या नव्हत्या. वयस्कर मंडळी लवकर आडवी होत आणि लवकर उठत, तरुण उशिरा झोपत, कुणी मूल रडलं म्हणून मध्येच उठे. एवढ्यावर रात्रीचा पहारा आपोआप भरून निघत होता. वय वाढलं की झोप तुटक होते, याची आपण डॉक्टरकडे तक्रार करतो. वस्तीच्या दृष्टीनं ती सेवा होती.

आपल्याकडेही ही सेवा निरनिराळ्या रूपांत होती. गावात जागल्या होता. पुढे शहरात काठी आपटत, शिट्टी फुंकत फिरणारा गुरखा आला. घरात मात्र ही पाळी बहुधा बाईची असायची, आणि तिला पाळी असं कुणी म्हणत नसे. पोरांचा डोळा लागला तरी स्वयंपाकघरात तिचं काही ना काही चालूच. ओटा पुसणं, विरजण लावणं, मटकी भिजत घालणं, सकाळच्या डब्याची भाजी निवडून ठेवणं. चाळीत तर भिंतीपलीकडच्या घराचीही जाग कानावर पडे. कुणाचा खोकला, कुणाच्या बादलीचा आवाज, शेवटच्या लोकलनं आलेल्या माणसाची जिन्यातली पावलं. या आवाजांत कितीतरी पोरं निर्धास्त झोपली. पण त्या दिवसांचे नुसते गोडवे गाऊन चालणार नाही. सगळ्यांच्या नंतर झोपून सगळ्यांच्या आधी उठणाऱ्या त्या बाईची झोप पुरी होते का, हे कुणी विचारत नव्हतं. घराची शांत झोप तिच्या अपुऱ्या झोपेवर उभी होती.

आता दारं बंद, खिडक्या सरकत्या काचांच्या, मुलं बंगळुरूला नाहीतर न्यू जर्सीत. टू बीएचकेमध्ये एकटं माणूस. रात्री टीव्ही बंद केला की मागे फ्रिजची घरघर तेवढी उरते. अशा घरात टीव्हीला रात्रपाळीवर ठेवलेलं असतं, आणि काय लावायचं याची निवडही अचूक असते. झोपायला म्हणून नवी मालिका कुणी लावत नाही. संध्याकाळी पाहिलेल्याच भागाचं पुनःप्रक्षेपण, पाठ झालेला सिनेमा, निकाल ठाऊक असलेला जुना सामना. पुढे काय होणार हे माहीत असल्यानं लक्ष द्यावं लागत नाही, आणि माणसांचे आवाज मात्र मिळतात. पाण्याचा पंपही आवाज करतो, पण तो सोबत म्हणून कुणी लावत नाही.

खरं तर टीव्ही हा मूळचा लवकर झोपणारा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं तेव्हा प्रक्षेपण संध्याकाळच्या काही तासांचंच असायचं. कार्यक्रम संपले की निरोप, मग पडद्यावर मुंग्या. तो झोपायचा आणि आपण जागे राहायचो. १९९१-९२ पासून केबलवर उपग्रह वाहिन्या आल्या, पुढे चोवीस तासांच्या बातम्या आल्या, आणि हा क्रम उलटला. असं अखंड जागरण देवालाही असतं. पंढरपूरला आषाढी यात्रेसाठी विठ्ठलाचा पलंग काढतात. त्या दिवसांत शेजारती बंद, दर्शन चोवीस तास खुलं. उभं राहून देव शिणू नये म्हणून त्याच्या पाठीशी कापसाचा मऊ लोड देतात. पण यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, देवाचा शिणवटा काढला जातो आणि पलंग परत जागेवर येतो. टीव्हीचा पलंग नव्वदच्या दशकात काढला तो काढलाच. जागरणाला शेवट हवा, हे शहाणपण देवळानं सांभाळलं; दिवाणखान्याला ते जमलं नाही.

या रात्रपाळीच्या गड्यात एक मोठी खोट आहे. तो जागा असतो, पण त्याचं आपल्याकडे लक्ष नसतं. पोर झोपलं की आई भांडी हळू ठेवते, दिवा मालवते, बोलताना आवाज उतरवते. टीव्हीला यातलं काही कळत नाही. हळव्या प्रसंगापाठोपाठ जाहिरात दणदणत येते, आणि पडद्याचा उजेड रात्रभर भिंतीवर नाचत राहतो. उजेडाची बाब किरकोळ नाही. अमेरिकेतल्या ४३,७२२ स्त्रियांच्या माहितीवर आधारलेला अभ्यास २०१९ मध्ये आला. खोलीत दिवा किंवा टीव्ही चालू ठेवून झोपणाऱ्यांमध्ये पुढच्या काही वर्षांत पाच किलो किंवा त्याहून जास्त वजन वाढण्याचं प्रमाण अधिक दिसलं. यावरून उजेडानंच वजन वाढवलं असं म्हणता येत नाही. आजारपण, काळजी, एकटेपणा अशी तिसरीच कारणं दोन्हींच्या मागे असू शकतात. शिकागोत २० निरोगी तरुणांवर केलेला आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला छोटा प्रयोग मात्र अधिक थेट होता. खोलीत १०० लक्स, म्हणजे फार प्रखर नाही एवढा उजेड ठेवून ज्यांनी एक रात्र काढली, त्यांच्या हृदयाची गती झोपेतही वाढलेली राहिली आणि सकाळी त्यांचं शरीर इन्सुलिनला कमी दाद देत होतं. डोळे मिटलेले होते, पण उजेड शरीरापर्यंत पोचत होता.

२०१७ मध्ये नेटफ्लिक्सचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज म्हणाले होते की आमची स्पर्धा झोपेशी आहे. ज्याला आपण झोपेचा सोबती म्हणून खोलीत घेतो, तो झोपेला प्रतिस्पर्धी समजतो. काही भाग सलग चालले की पडद्यावर प्रश्न येतो, अजून बघताय का? घरातलं माणूसही रात्री दाराशी येऊन विचारतं, ‘‘झोपलास का रे?’’ दोन्ही प्रश्न साधारण एकाच वेळचे. पण पडद्याला तुम्ही जागे असायला हवे असता, दारातल्या माणसाला तुम्ही निजलेले हवे असता. उत्तर आलं नाही तर पडदा वाट बघत तसाच उजळत राहतो. दारातलं माणूस पांघरूण सारखं करून जातं.

म्हणूनच ‘झोपताना टीव्ही बंद करा’ हा सल्ला बरोबर असला तरी अपुरा आहे. टीव्ही ज्या माणसाच्या जागेवर बसलाय, त्याची जागा रिकामीच ठेवून टीव्हीला नुसतं उठवलं तर तो उद्या परत येऊन बसणारच. एकट्यानं राहणाऱ्याला निदान उजेड घालवून आवाज ठेवता येतो. रेडिओ आहे; बऱ्याच टीव्हींत नुसता पडदा काळा करायची सोय असते; स्लीप टायमर तर जवळपास सगळ्यांत असतो, फक्त तो लावताना आवाज आधीच उतरवून ठेवावा, नाहीतर टीव्ही गपकन बंद होतो आणि एसटीतल्या प्रवाशासारखी जाग येते. एवढ्यानं सोबतीची भूक भागेल असं नाही, पण निदान सोबतीपायी शरीराला उजेडाचा भुर्दंड बसणार नाही.

जिथं घरात दुसरं माणूस आहे, तिथला उपाय यंत्राच्या बटणात नाही. आवाज थोडा थोडा कमी करत टीव्ही बंद करावा, आणि लगेच आपल्या खोलीचं दार लावून न घेता थोडा वेळ बाहेर काहीतरी करत राहावं. पेपर चाळावा, भांडी लावावीत, कपड्यांच्या घड्या घालाव्यात. ही दहा-पंधरा मिनिटं म्हाताऱ्या माणसाला उपयोगी पडू शकतात. अट एकच, की हे काम पुन्हा गुपचूप आईच्या किंवा सुनेच्या वाट्याला जाऊ नये. हाडझांच्या वस्तीत पाळ्या न लावता भागत होतं, कारण माणसं पुष्कळ होती. आपल्या घरांत माणसं तीन-चार. तेव्हा पाळ्या लावाव्या लागतील, आणि त्यांत पुरुषांची नावंही असावी लागतील.