पाहुण्याचें ऋण

मनुष्य ज्या नगरींत राहतो ती नगरी त्याची केव्हां होते? जन्मानें होते, हें उघड आहे. कायद्यानें नागरिकत्व मिळालें असतां होते, हेंही सर्वमान्य आहे. परंतु पोटापाण्यासाठीं परदेशीं जाऊन राहिलेल्या माणसापाशीं पुष्कळदां या दोहोंपैकीं एकही आधार नसतो. तरी उन्हाळा आला, रस्ते वाद्यांनीं आणि माणसांनीं गजबजून गेले, म्हणजे ‘आमचें शहर’ हे शब्द त्याच्या तोंडून सहज बाहेर पडतात. ते उच्चारण्याचा त्याला अधिकार काय, हा प्रश्न वरवर दिसतो तितका किरकोळ नाहीं.

आमचा एक जुना विद्यार्थी कांहीं वर्षांपासून नोकरीनिमित्त बर्लिन येथें राहतो. मागील उन्हाळ्यांत त्याच्या पत्रांत दोनच विषय असत : सप्टेंबर अखेरच्या मॅरेथॉन शर्यतीची तयारी आणि शहरांतील उत्सव. पहांटे टेंपेलहोफच्या मैदानावर धांवावें, रविवारीं वीस-पंचवीस किलोमीटरांची मजल मारावी, आणि सायंकाळीं जिकडे गाणें-बजावणें असेल तिकडे जावें, असा त्याचा क्रम होता. तेथें पेंटेकॉस्टच्या ख्रिस्ती सणाच्या सुमारास देशोदेशींहून आलेले रहिवासी आपापल्या वेषांत मिरवणूक काढतात. हा प्रघात १९९६ सालीं पडला. २१ जून हा संगीताचा दिवस. १९९५ पासून त्या दिवशीं रस्त्यारस्त्यांवर लोक विनामूल्य गातात, वाजवितात. हीं वर्णनें वाचून त्याच्या मातोश्रींनीं आम्हांस विचारलें, “तो आतां तिकडचाच झाला का हो?” त्या प्रश्नांत तक्रार नव्हती, भीति होती.

कोणी म्हणेल, उत्सव हा भोग आहे, पण शर्यतीची तयारी हें तप आहे. चार महिने ज्यानें त्या भूमीवर घाम गाळला त्यानें ती भूमि कमावली. हें आम्हांस पटत नाहीं. या तपाचें फळ—निरोगी शरीर, आत्मविश्वास, शेवटीं गळ्यांत पडणारें पदक—सारें त्याचें त्यालाच मिळतें. इतकेंच नव्हे, तर ज्या मैदानावर तो धांवतो तेंच मुळीं त्याला आयतें लाभलेलें आहे. टेंपेलहोफ हा पूर्वीं विमानतळ होता. १९४८-४९ सालीं सोव्हिएट सत्तेनें पश्चिम बर्लिनची नाकेबंदी केली, तेव्हां अन्न आणि कोळसा आणणारीं विमानें येथेंही उतरत. २००८ सालीं विमानतळ बंद झाला व २०१० सालीं तें मैदान सर्वांस खुलें झालें. पुढें त्याच्या कडेनें इमारती बांधण्याचा बेत निघाला असतां २०१४ सालीं नागरिकांनीं मतदान करून तें सबंध मोकळें राखलें. जर्मन नागरिकत्व नसलेल्यांस त्या मतदानांत भाग नव्हता. पण तेथें धांवणाऱ्यास आज कोणी नागरिकत्वाचा दाखला मागत नाहीं. तो कर भरतो हें खरें. परंतु करानें कायद्याची मागणी पुरी होते, उपकार फिटत नाहींत.

प्राचीन अथेन्समध्यें हा प्रश्न निराळ्या रीतीनें सोडविला होता. परगांवाहून येऊन राहिलेल्यांस तेथें मेटिक म्हणत. त्यांस मताचा हक्क नसे, वेगळा कर मात्र भरावा लागे. स्वतः ॲरिस्टॉटल हा अशांपैकींच एक होता. ऐन उन्हाळ्यांत अथीना देवीचा पॅनअथेनिया नांवाचा महोत्सव येई. त्यांत धांवण्याच्या शर्यती होत आणि मोठी मिरवणूक निघे. त्या मिरवणुकींत मेटिक पुरुष नैवेद्याचीं ताटें वाहत, आणि त्यांच्या मुली पाण्याच्या घागरी. हा त्यांचा सन्मान होता कीं त्यांच्या परकेपणाची खूण, याविषयीं अभ्यासकांत दुमत आहे. आम्हांस इतकेंच सुचवावयाचें आहे कीं, तेंच ताट दुसऱ्यानें डोक्यावर लादलें तर ती चाकरी होते, आणि आपण होऊन उचललें तर आपुलकी होते.

आपल्याकडील पंगत पहा. पाहुणा कितीही आवडीनें जेवला, भारी आहेर घेऊन आला, तरी पाहुणाच. पण जो पाटावरून उठतो, उपरणें कमरेला बांधतो आणि भाताचें पातेलें हातीं घेतो, तो कोणाचा कोण हें मग कोणी विचारीत नाहीं. तो घरचा झालेला असतो.

बर्लिनची शर्यत १९७४ सालीं अवघ्या २८६ धांवपटूंनिशीं सुरू झाली. ३० सप्टेंबर १९९० रोजीं, जर्मनीच्या एकीकरणाला तीन दिवस उरले असतां, ती ब्रांडेनबुर्ग दरवाजांतून शहराच्या दोन्ही भागांतून धांवली, आणि शर्यतीचा लोकोत्सव झाला. आज हजारों लोक तींत धांवतात, आणि त्यांच्यासाठीं वाटेवर ठिकठिकाणीं पाण्याचे पेले घेऊन स्वयंसेवक तासन् तास उभे असतात. त्यांना पदक नाहीं, कीं वेळेची नोंद नाहीं. आमच्या विद्यार्थ्यानें एक वर्ष धांवावें आणि एक वर्ष त्या रांगेंत उभें राहावें. ‘आमचें शहर’ म्हणण्याचा अधिकार त्याला मिळालाच तर तो तेथें मिळेल.

आणि मातोश्रींच्या भीतीचें काय? वाढण्याची ही वृत्ति तो ज्या घरीं शिकला त्या घराचा तो राहणारच, असें आम्ही त्यांस सांगूं शकतों, आणि तें खरेंही आहे. परंतु तें पूर्ण उत्तर नव्हे. मनुष्याचें प्रेम वांटल्यानें कमी होत नाहीं, पण त्याचे दिवस वांटल्यानें कमी होतात. जो उन्हाळा सरावांत आणि उत्सवांत गेला, तो आईच्या ओसरीवर गेला नाहीं. ही तूट कोणतेंही तत्त्वज्ञान भरून काढीत नाहीं. परदेशीं राहणाऱ्याच्या माथीं दोन नगरींचें ऋण असतें. तेथील ऋण पाण्याचा पेला पुढें करून थोडेंफार फेडतां येतें. येथील ऋण फेडण्यास स्वतःच यावें लागतें.