तांब्या

१९७२ साली आमच्या माणदेशात पाऊस पडला नाही. एरवीही तो आमच्याकडं पाहुण्यासारखाच यायचा, त्या साली पाहुणाही फिरकला नाही. मी चौथीत होतो. थोरली माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. घरात लाल मिलोच्या भाकरी आणि शाळेत सुकडी.

माझा जोडीदार ओढ्यापलीकडचा. त्याचं नाव इथं लिहीत नाही. तो नातवंडांत रमलाय, आणि त्याला विचारल्याबिगर नाव छापायचा मला हक्क नाही. शाळेत आम्ही एकाच बसकरावर बसायचो. सुकडी एका कागदात घ्यायचो आणि कुणाला जास्त गेली यावरून भांडायचो.

त्यांची वस्ती वेगळी, त्यांचा आड वेगळा, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. डोंगर उगवतीला आहे, तसं ते ठाऊक होतं. डोंगर तिथं कुणी ठेवला, असं कोण विचारतं? वस्तीनं बौद्ध धर्म घेतला होता, पण गावाच्या तोंडी तिचं नाव जुनंच होतं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा आड आटला. आमच्या मळ्यातल्या विहिरीला गुडघाभर पाणी होतं. त्या बाया घागरी घेऊन लांब उभ्या राहायच्या आणि आजी पोहरा शेंदून वरून त्यांच्या घागरीत ओतायची. कुणाला रिकामं परतू द्यायची नाही. हाताला फोड आले तरी ओतायची.

एका दुपारी तो माझ्याबरोबर मळ्यात आला. तहानलेला. मी रांजणातून तांब्या भरून पुढं केला. त्यानं ओंजळ धरली.

"वरनं वत," तो म्हणाला.

"घे की रं, धर," म्हणून मी तांब्या त्याच्या हातात कोंबला. तो घोटभर प्याला आणि दाराकडं बघू लागला. दारात आजी उभी होती. ती ओरडली नाही. उलट म्हणाली, "पी बाबा, पोटभर पी."

तो गेल्यावर तिनं तांब्या चुलीतल्या निखाऱ्यांवर टाकला. मग चिंचेनं, राखेनं घासला. मला जवळ घेऊन म्हणाली, "पानी द्यावं लेकरा, पुण्य लागतंय. पर तांब्या हातात देऊ न्हाई. वरनं वतावं."

"का गं?"

"आसं असतंय."

मी त्या रात्री रुसून जेवलो नाही. माझं निरागसपण त्या दिवशी गेलं, असं मी पुष्कळ वर्षं सांगत आलो. ते खरं नाही. ते गेलं आठ दिवसांनी.

तो पुन्हा आला. आजी कामावर गेली होती, घरात कुणी नव्हतं. त्यानं ओंजळ धरली आणि माझा हात आपोआप वर गेला. मी वरून पाणी ओतलं. ते त्याच्या कोपरांवरून ओघळत होतं. पिताना त्यानं एकदाच वर पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. गणिताचं उत्तर आधीच माहीत असलेल्या पोरासारखा तो बघत होता. दुसऱ्या दिवशी शाळेत मी काही बोलायच्या आत त्यानं सुकडीचे दोन कागद केले.

नऊ वर्षांच्या पोराचा दोष धरावा का? लोक म्हणतात, लेकरू होतं, थोरांनी शिकवलं तसं वागलं. पण आजीलाही कुणीतरी लेकरू असतानाच शिकवलं असणार. मग दोष धरत धरत मागं कुठवर जायचं? महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायला माणसं चालत गेली ती १९२७ साली. अस्पृश्यता संविधानानं १९५० मध्येच बंद केली, १९५५ ला शिक्षेचा कायदा झाला. म्हणजे माझा हात वर गेला तेव्हा तो गुन्हा होता, आणि आमच्या घरात त्याला पुण्य म्हणत होते. आजी वाईट नव्हती, हे मी आजही म्हणतो. पण चांगल्या माणसाच्या हातून होतं म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलं, हेही मला म्हणावं लागतं.

पाच-सहा वर्षांमागं त्याच्या घरी चहाला गेलो होतो. धीर करून तो तांब्या काढला.

तो हसला. म्हणाला, "तुला निदान दिवस तरी आठवतोय. मला कधी कळलं, ते आठवतच न्हाई. चालायला लागलो तवाच आईनं सांगितलं आसंल, कुठं उभं ऱ्हायचं ते."

मी कप हातात धरून बसलो. आजवर मला वाटायचं, त्या दुपारी आम्हा दोघांचंही काहीतरी हरवलं. पण नऊ वर्षांपर्यंत न कळण्याची सवलत गावानं फक्त मलाच दिली होती. त्याला अजाण राहणं परवडणारं नव्हतं. तहान लागली तरी आधी ओंजळ धरायची, हे त्याला माझ्या कितीतरी आधी पाठ होतं.

त्याच्या बायकोनं विचारलं, "आनखी घ्या की भाऊजी." मी कप पुढं केला.

आता गावात नळ आलाय. आड बुजला, आमची विहीरही पडीक आहे. स्मशानं मात्र अजून दोन आहेत. तांब्या माझ्याकडं आहे. निखाऱ्यात टाकल्याचा काळा डाग बुडाला अजून दिसतो. सून म्हणते, मोडीत देऊन टाका. मी दिला नाही.