टीकाकारांच्या घरची मेजवानी

वर्षभर ज्यांनीं दुसऱ्याच्या पंक्तीला बसून आमटींत मीठ कमी पडलें कीं जास्त झालें एवढेंच सांगावयाचें, त्यांनींच एके दिवशीं स्वतःच्या घरीं पंक्ति मांडावी आणि ज्यांच्या स्वयंपाकाला नांवें ठेविलीं त्या सर्वांस अगत्यानें आमंत्रण धाडावें, असा एक प्रकार अमेरिकेंत प्रतिवर्षीं घडत असतो. 'क्रिटिक्स चॉइस' या नांवानें तो ओळखला जातो. नभोवाणी, दूरचित्रवाणी इत्यादि साधनांच्या द्वारें चित्रपटांवर अभिप्राय देणाऱ्या टीकाकारांनीं १९९५ सालीं आपली संस्था काढली व पुढील जानेवारींत पहिलीं पारितोषिकें वांटलीं. दूरचित्रवाणीवरील मालिकांसाठीं २०११ पासून वेगळा समारंभ होऊं लागला. जानेवारी २०१६ मध्यें दोन्ही समारंभ एका रात्रीं, एका मांडवाखालीं आले. हा मांडव म्हणजे पुष्कळ वर्षें सँटा मोनिका येथील विमानतळावरची, मुळांत विमानांसाठीं बांधलेली, एक अफाट कोठी. तींत मेजें मांडतात, दिव्यांचा लखलखाट होतो, नटनट्या येतात, आणि सारा सोहळा दूरचित्रवाणीवरून घरोघर दिसतो.

कोणत्या वर्षीं कोणास काय मिळालें याची चर्चा आम्हांस येथें करावयाची नाहीं. ती करणारे पुष्कळ आहेत. आमच्या मनांत बरेच दिवस घोळत असलेला प्रश्न निराळा आहे. ज्यानें निवाडा करावयाचा त्यानें यजमानहि व्हावें काय? आणि कारण न सांगतां दिलेल्या निवाड्यास टीका म्हणावें काय?

आपल्या भाषेंत 'टीका' या शब्दाचें नशीब मोठें चमत्कारिक आहे. मल्लिनाथानें कालिदासाच्या काव्यांवर टीका लिहिली ती अर्थ उलगडून दाखविण्यासाठीं. आज मात्र अमक्यावर टीका झाली म्हटलें कीं त्याची अब्रू गेली असें आपण समजतों. पण जुन्या अर्थींहि आणि नव्या अर्थींहि टीकाकारावर एक बंधन असतेंच: त्यानें कां तें सांगितलें पाहिजे. एखाद्यानें चित्र वाईट ठरविलें आणि त्याचीं कारणें दोन परिच्छेदांत मांडलीं तर त्याच्याशीं भांडतां येतें. आमच्या घरीं रविवारच्या जेवणानंतर दुसरें कांहीं चालत नाहीं. पाकिटांतून निघालेल्या नांवाशीं भांडावयाचें कसें?

त्यांतून तें नांव मतें मोजून निघालेलें असतें. न्यूयॉर्कच्या चित्रपट-टीकाकारांचें मंडळ १९३५ सालचें, म्हणजे या बाबतींत वडीलधारें. १९३९ च्या उत्तम चित्रपटाची निवड करतांना तेथें दोन तट पडले. एकास 'गॉन विथ द विंड' हवा, दुसऱ्यास 'मिस्टर स्मिथ गोज टु वॉशिंग्टन'. फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या, कोणी हटेना. शेवटीं तडजोड म्हणून 'वुदरिंग हाइट्स' ला पारितोषिक देण्यांत आलें. तें चित्र टाकाऊ नव्हे. परंतु सालांतील सर्वोत्तम म्हणून जें जगापुढें गेलें, तें दोन्ही तटांच्या लेखीं सर्वोत्तम नव्हतें, हें विसरतां येत नाहीं.

या प्रकारास हंसण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं एका शाळेच्या वक्तृत्वस्पर्धेस आम्ही तिघे परीक्षक होतों. एका मुलीचें भाषण आम्हांस फार आवडलें होतें. दुसऱ्या परीक्षकांस एक मुलगा पसंत होता, तिसऱ्यांस आणखी कोणी. गुणांची बेरीज केली तेव्हां पहिला आला तो चौथाच, ज्याच्याविषयीं तिघांपैकीं कोणीहि चकार शब्द काढला नव्हता. समारंभ आटोपल्यावर ती मुलगी वडिलांबरोबर आमच्याकडे आली आणि आपलें काय चुकलें तें तिनें नम्रपणें विचारलें. तिचें कांहींच चुकलें नव्हतें. आमच्याजवळ आंकडे होते, उत्तर नव्हतें. "छान बोललीस, पुढच्या वर्षीं पुन्हा ये," असें कांहीं तरी पुटपुटून आम्हीं चहाचा पेला उचलला. ती लाज अद्याप गेलेली नाहीं.

आतां यजमानपणाविषयीं. डिसेंबर २०१५ मध्यें 'क्रिटिक्स चॉइस' च्या उत्तम चित्रपटासाठीं दहा नांवें जाहीर झालीं होतीं. 'स्टार वॉर्स' मालिकेंतील नवें चित्र तोंपर्यंत सभासदांस पाहावयास मिळालें नव्हतें. पुढें तें प्रदर्शित होऊन त्यानें गर्दीचे उच्चांक मोडले, आणि जाहीर झालेल्या यादींत अकरावें नांव म्हणून तें घालण्यांत आलें. न पाहिलेल्या चित्रास वगळणें अन्यायाचें, हें म्हणणें अगदींच पोकळ नाहीं. पण असेंच उशिरां पोहोंचलेलें एखादें लहानसें, गरीब चित्र असतें, तर त्याच्यासाठीं मिटलेलें दार कोणी उघडलें असतें काय? पारितोषिक अखेर 'स्पॉटलाइट' ला गेलें, तेव्हां निकाल बदलला असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. आमची शंका निकालाविषयीं नाहीं. सोहळा घरोघर दाखवावयाचा तर माणसांनीं तो पाहिला पाहिजे. तो पाहावा म्हणून नामांकित मंडळी आलीं पाहिजेत. आणि तीं येण्यासाठीं त्यांचें नांव यादींत असलें तर बरें पडतें. कोणी लांच घेत नाहीं, कोणी खोटें बोलत नाहीं. नुसती पानें वाढण्याची काळजी न्यायाधीशाच्या मनांत शिरते. ती काळजी वाढत गेली म्हणजे काय होतें याचें उदाहरण त्याच गांवीं आहे. 'गोल्डन ग्लोब' देणाऱ्या परदेशी वार्ताहरांच्या संस्थेंत एकहि कृष्णवर्णीय सभासद नाहीं, आणि सभासदांची बडदास्त मात्र चित्रकर्ते उत्तम ठेवितात, असें २०२१ सालीं वृत्तपत्रांनीं उघडकीस आणलें. पुढच्या वर्षींचा त्यांचा समारंभ दूरचित्रवाणीनें दाखविलाच नाहीं, आणि २०२३ सालीं ती संस्थाच मोडली.

मग हे समारंभ बंदच करावे, असें म्हणण्याचा मोह होतो. आम्हींहि तसें लिहिण्याच्या बेतांत होतों. परंतु १९८५ सालची एक हकीकत आडवी येते. टेरी गिलियम याचा 'ब्राझिल' हा चित्रपट युरोपांत दाखविला गेला होता. अमेरिकेंत त्याचे हक्क असलेल्या युनिव्हर्सल कंपनीस तो लांब वाटला आणि त्याचा विषण्ण शेवट मुळींच पटला नाहीं. कापून, शेवट गोड करून दाखवूं, असें तिचें म्हणणें. गिलियम ऐकेना. माझें चित्र केव्हां दाखविणार, असा सवाल त्यानें धंद्याच्या वृत्तपत्रांत पानभर जाहिरात देऊन कंपनीच्या प्रमुखास केला. चित्र डब्यांत पडून राहिलें. अशा स्थितींत लॉस अँजेलिसच्या टीकाकारांनीं तें खासगी रीतीनें पाहिलें, आणि डिसेंबरांत त्या वर्षाचें उत्तम चित्र, उत्तम दिग्दर्शन व उत्तम पटकथा हे तिन्ही मान त्याला देऊन टाकले. अमेरिकेंत तोंवर प्रदर्शितहि न झालेल्या चित्राला! कंपनीस तें त्याच महिन्यांत बाहेर काढावें लागलें, आणि तेंहि तिच्या मनांतल्या गोड शेवटावांचून.

येथेंहि कारणें सांगितलेलीं नव्हतीं. मतेंच मोजलीं होतीं. शंभर विवेचक परीक्षणांनीं जें झालें नसतें तें एका यादीनें झालें. तेव्हां कारणांवांचून दिलेला निवाडा म्हणजे टीका नव्हे, हें आमचें मत कायम ठेवूनहि, तो कधीं कधीं टीकेहून मोठें काम करून जातो, हें कबूल करणें भाग आहे. भेद दिसतो तो इतकाच कीं, लॉस अँजेलिसकरांनीं ज्या घराची अवकृपा पत्करली तेथूनच त्यांस नित्य आमंत्रणें यावयाचीं होतीं. आणि २०१५ च्या त्या अकराव्या नांवानें कोणाचीहि अवकृपा व्हावयाची नव्हती.

हा प्रश्न आपल्या दाराशींहि येऊन गेला आहे. पायल कपाडिया यांच्या 'ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट' मध्यें मुंबईच्या रुग्णालयांत काम करणाऱ्या तीन स्त्रिया आहेत. त्यांपैकीं छाया कदम यांनीं उभी केलेली पार्वती घर हातचें जाऊन कोंकणांत परतते. २०२४ सालीं या चित्रास कान येथें ग्रां प्री मिळाला, न्यूयॉर्कच्या मंडळानें त्यास उत्तम परदेशी चित्र ठरविलें, आणि 'क्रिटिक्स चॉइस' च्या यादींतहि त्याचें नांव आलें. लॉस अँजेलिसच्या वणव्यांमुळें तो समारंभ जानेवारी २०२५ मधून लांबून ७ फेब्रुवारीस झाला, आणि परदेशी चित्राचें पारितोषिक 'एमिलिया पेरेझ' ला गेलें. आमच्या ओळखीच्या कित्येकांनीं पार्वतीची गोष्ट पाहिली ती या याद्यांमुळेंच, हें खोटें नाहीं. पण मत देणाऱ्यांस तींत काय दिसलें, मुंबईच्या पावसांत काय दिसलें, कोंकणच्या त्या समुद्रकांठीं काय दिसलें, तें वाचण्याची आमची भूक कोणत्याहि यादीनें भागली नाहीं.

त्या शाळेनें पुढल्या वर्षीं आम्हांस पुन्हा बोलाविलें. आम्हीं अट घातली कीं, प्रत्येक परीक्षकानें प्रत्येक स्पर्धकासाठीं चार ओळी लिहाव्या आणि त्या निकालाबरोबर त्याच्या हातीं द्याव्या. मुख्याध्यापकांनीं घड्याळाकडे पाहिलें. पण नाहीं म्हटलें नाहीं. दीड तास अधिक लागला, चहा गार झाला, प्रमुख पाहुणे मध्येंच निघून गेले. एका मुलाच्या कागदावर दोघा परीक्षकांचा मजकूर अगदीं परस्परविरुद्ध निघाला. त्यानें तो दोनदां वाचला, हंसला, आणि नीट घडी करून खिशांत ठेविला.