बिनकामाचं फूल

न्हावऱ्यात अंगणात कुठलंही रोप लावा, शेजारची मावशी आधी विचारणार, ‘याचं काय होतं?’ प्रश्न रास्त आहे. हे घोडगंगा साखर कारखान्याचं गाव, भोवती ऊस दिसतो; पण शिरूर तालुका मुळात पर्जन्यछायेतला. पाणी बघूनच झाडाला जीव लावायची इथली रीत. म्हणून दारात तुळस, कढीपत्ता, शेवगा आणि देवापुरती जास्वंद. पॅन्सी यातल्या कुठल्याच खात्यात बसत नाही. देठ आखूड आणि नाजूक, हारात ओवायची सोय नाही. वास बेताचाच, म्हणजे गजऱ्यातूनही बाद. पाकळ्या खाता येतात, शहरातल्या हॉटेलांत केकवर ठेवतातही; पण हा उपयोग मावशीला सांगायची माझी हिंमत नाही.

तरी थंडीच्या सकाळी येणारा-जाणारा थबकतो तो तिच्याच कुंडीपाशी. जांभळ्या-पिवळ्या पाकळ्या आणि मधोमध काळा डाग, अगदी मिशीवाल्या मांजराचं तोंड! तिच्या पूर्वजांना हा डाग नव्हता. युरोपात शेतांत नि माळांवर आपोआप उगवणारी ती रानफुलं; त्यांच्या पाकळ्यांवर बारीक काळ्या रेघा असत, मधमाशीला मधाची वाट दाखवणाऱ्या. १८३०च्या दशकात इंग्लंडमध्ये लॉर्ड गॅम्बियर यांचे माळी विल्यम थॉम्पसन यांनी निवडत निवडत जी रोपं वाढवली, त्यांतून रेघांच्या जागी ठसठशीत डाग असलेलं फूल पुढे आलं. शेतकऱ्याने खुरपून बांधावर टाकलं असतं, ते माळ्याने जपलं.

आपल्याकडे तिचा मुक्काम थंडीपुरता. गणपती उठले की बी पेरावं आणि त्यावर मातीचा पातळ थर द्यावा. अंधारात ते चांगलं रुजतं. तेवढा धीर नसेल तर दिवाळीच्या सुमारास उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांतून रोपं आणावीत. नुसती काळी माती घालू नये, ती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळावं, वर उसाच्या पाचटाचा बोटभर थर पसरावा. पाणी सकाळी, तेही बुंध्याशी.

खरं काम खुडण्याचं. फुलाने मान टाकली की ते देठासकट काढायचं. राहू दिलं तर तिथे हिरवं बोंड धरतं, वाळल्यावर त्याच्या तीन फाका होतात आणि प्रत्येक फाक आक्रसत जाऊन गुळगुळीत बिया टपाटप लांब उडवते. बघण्यासारखा प्रकार आहे. पण बोंडं धरू लागली की नवी फुलं कमी येतात. म्हणजे पॅन्सी आपल्या काही कामाची नाहीच, वर तिला तिच्या स्वतःच्या कामाचंही होऊ द्यायचं नाही. तेव्हा कुठे ती फुलत राहते. हा सौदा मला मधूनच खटकतो. तरी हात चालूच असतात.

फेब्रुवारी सरताना उन्हाचा चटका वाढतो, देठ लांबतात, फुलं बारीक येऊ लागतात. तेव्हा खुडणं थांबवावं आणि शेवटची बोंडं धरू द्यावीत. संकरित वाणाचं बी मूळ झाडासारखं निघेलच असं नाही, पण तेवढी सूट तिला द्यायला काय हरकत आहे? शिमगा झाला की झाडं उपटून खताच्या खड्ड्यात टाकावीत आणि कुंडीत मिरची लावावी.